नऊ फुटांची फळी आणि भुसावळचा उन्हाळा

प्रश्न : सर, मी भुसावळला रेल्वेत नोकरी करते. गेली काही वर्षं हिवाळ्यात सुट्टी काढून मंगला एक्सप्रेसने कधी गोव्याला, कधी उडुपीला उतरून मुल्कीला सर्फिंगसाठी जाते. आजवर भाड्याच्या बोर्डावर भागवलं, आता स्वतःचा लाँगबोर्ड, म्हणजे नऊ फुटांच्या आसपासचा लांब सर्फबोर्ड, करून घ्यायचा आहे. किनाऱ्यावरच्या एका शेपरने, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने, ऑर्डरचा फॉर्म पाठवलाय. मी भरलंय ते असं : लांबी ९ फूट १० इंच, ईपीएस फोम, तीन स्ट्रिंगर (फोमच्या आतल्या लांब लाकडी पट्ट्या), गडद निळा रंग, वर कार्बनची पट्टी, पिन टेल (टेल म्हणजे मागचं टोक), कायमची बसवलेली एकच मोठी फिन (पोटाखालचं उभं पातं). माझं वजन ६२ किलो, उंची ५ फूट ३ इंच. लाटा कमरेएवढ्या, फार तर छातीएवढ्या असतात. बोर्डावर चालत पुढच्या टोकापर्यंत जायला शिकतेय. जळगावला एमआयडीसीत माझ्या काकांचं फायबरचं वर्कशॉप आहे, कूलरच्या बॉड्या आणि टाक्या करतात. ते म्हणतात, बाहेर पैसे कशाला घालवतेस, मीच करून देतो. यावलच्या आमच्या जुन्या घराचा सागवानी दरवाजाही पडून आहे, त्याचा बोर्ड होईल का? आणि आईचा प्रश्न वेगळाच : "इतली मोठी फयी घरमा कोठे ठेवशी?"
— एक वाचक, भुसावळ

उत्तर :

ताई, समुद्र गाठायला अख्खा दिवस आणि रात्र गाडीत काढावी लागते अशा गावातून कोणी लाटेवर चालायला शिकतंय आणि त्यासाठी पगारातून पैसे बाजूला टाकतंय, हे वाचून मनापासून आनंद झाला. म्हणून तुमचा फॉर्म रकाना न् रकाना वाचला. त्यातलं बरंच बदलायला सांगणार आहे. हे रकाने तुम्ही सुंदर बोर्डांचे फोटो बघून भरलेत, हे लगेच कळतं. त्यात चूक काही नाही, पण ते बोर्ड दुसऱ्या लाटांसाठी आणि दुसऱ्या हवेसाठी केलेले असतात.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आईंनी विचारलाय. हा बोर्ड वर्षातले फार तर तीन-चार आठवडे पाण्यात असणार. बाकीचे दिवस तो भुसावळच्या घरात, नाहीतर रेल्वेच्या पार्सल डब्यात काढणार. शेपरला लाट कळते, पण मे महिन्यातलं भुसावळ त्याने पाहिलेलं नाही. ते त्याला तुम्हीच सांगायला हवं, आणि फोम कोणता, रंग कोणता, फिन कशी हे ठरवताना ते आधी धरायला हवं.

आधी फोम. तुम्ही ईपीएस लिहिलंय. ईपीएस म्हणजे थर्माकोलच, फक्त पॅकिंगच्या थर्माकोलपेक्षा घट्ट. बोर्डासाठी साधारण २० ते ३२ किलो प्रति घनमीटर घनतेचा वापरतात. तो हलका असतो आणि त्यावर इपॉक्सी रेझिन चढवलं की बोर्ड चांगला टणक होतो. पण त्याच्या मण्यांमध्ये हवा असते आणि ती तापली की फुगते. बाहेरचं फायबरचं कवच हवाबंद असल्यामुळे ती हवा जाणार कुठे? ती कवचालाच फोमपासून उचलते. म्हणून अशा बोर्डांना हवा सोडायला छोटा स्क्रू ठेवतात, तो प्रवासात सैल करायचा आणि पाण्यात जायच्या आधी आठवणीने घट्ट करायचा. शिवाय ईपीएस ८० अंशांच्या आसपास नरमच पडू लागतो. बाहेर ४५ अंश तापमान असताना काचा लावलेल्या गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवलेला गडद बोर्ड त्या टप्प्यापासून फार लांब राहत नाही.

दुसरं कारण तुमचे काका आहेत. फायबरच्या वर्कशॉपमध्ये रोजचं रेझिन असतं ते पॉलिएस्टर. त्यात स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. उद्या तुमच्या ईपीएस बोर्डाला रुपयाएवढी खोक पडली आणि काकांनी प्रेमाने जीपी, म्हणजे नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन लावून बुजवायला घेतली, तर आतला फोम डोळ्यांदेखत खाली बसेल आणि खोकेचा खड्डा होईल. हे मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण चांगल्या हाताच्या कारागिराकडूनही केवळ सवयीने हे घडू शकतं.

तेव्हा फोमच्या रकान्यात पीयू लिहा, म्हणजे पॉलियुरेथेन. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्फबोर्ड मुख्यतः याच फोमचे होत आले. थोडा जड असतो, पण तुमच्या कामाच्या बोर्डाला ते वजन उपयोगाचंच आहे : लाटेवरची बारीक थरथर पायापर्यंत पोचत नाही आणि एकदा वेग घेतला की बोर्ड सरळ सरकत राहतो. उष्णता त्यालाही बाधते, नाही असं नाही, पण ईपीएसपेक्षा तो अधिक सोसतो. आणि त्याची दुरुस्ती काका जळगावला बसून करू शकतात.

आता काकांच्या प्रस्तावाबद्दल. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण हा पहिला बोर्ड त्यांच्याकडून करून घेऊ नका. कूलरची बॉडी साच्यात होते, साचा आकार देतो आणि फायबर त्याच्या मागे जातं. बोर्डाचं उलटं आहे. आकार फोममध्ये हाताने काढावा लागतो आणि फायबर त्याच्यावर चढतं. साच्याच्या कामात चॉप मॅट, म्हणजे फायबरच्या तुटक तंतूंची चटई, चालते, पण ती रेझिन खूप पिते, स्वतःच्या वजनाच्या दुपटीहूनही जास्त. विणलेल्या कापडाला साधारण त्याच्या वजनाएवढं रेझिन पुरतं. मॅटचा बोर्ड केला तर तो उचलून वाळूपर्यंत नेतानाच तुम्ही दमाल. केळीच्या रायपनिंग चेंबरला किंवा कोल्ड स्टोरेजला लावतात तो पीयूएफ, म्हणजे पीयू फोम, कापून बोर्ड करू, असंही कोणी सुचवेल. त्याची जात तीच आहे, पण बोर्डाचा ब्लँक, म्हणजे घडवण्याआधीचा फोमचा ठोकळा, साच्यात ओतलेला असतो, त्यामुळे त्याची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा घट्ट असते. लादीतून कापलेल्या तुकड्याला हे अंगचं कवच मिळत नाही आणि टाचेखाली खळगे पडत जातात.

काकांसाठी मात्र एक फार चांगलं काम आहे, आणि ते म्हणजे फिन. सहा औंसच्या कापडाचे (काकांच्या भाषेत २०० जीएसएम) तीसच्या वर थर एकावर एक बसवून जाड पत्रा करायचा, त्यातून आकार कापायचा आणि मग घासायचा. पुढची कड गोलसर, मागची पातळ, दोन्ही बाजूंचा फुगवटा सारखा. घासताना पत्र्यातले थर एकामागून एक उघडे पडतात आणि त्यांच्या रेषा जमिनीच्या नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या दिसू लागतात. दोन्ही बाजूंच्या रेषा जुळल्या तर फिन बरोबर झाली असं समजा. हे काम फायबरवाल्याचंच आहे. फक्त घासताना मास्क हवा, आणि कोबाल्ट व हार्डनर ही रेझिन घट्ट करणारी रसायनं कधीही थेट एकमेकांत मिसळायची नाहीत. काकांना हे ठाऊक असणारच, पण त्यांच्याजवळ उभं राहून हौसेने मदत करणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

फिनचाच रकाना घेऊ. कायमची बसवलेली फिन काढून टाका. तिच्यासकट बोर्ड पार्सलमध्ये टाकलात तर वरच्या खोक्याखाली ती मुळापासून उखडेल आणि फोमचा तुकडा सोबत घेऊन जाईल. मधोमध साडेदहा इंची फिन बॉक्स मागा. त्यात एक स्क्रू काढला की फिन हातात येते, शिवाय ती पुढे-मागे सरकवताही येते. पुढे सरकवली की बोर्ड सहज वळतो, मागे नेली की धरून राहतो. बाजूला दोन छोट्या फिनसाठी जागा करून ठेवायला सांगा. कमरेएवढ्या लाटेत त्या लावायच्या नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस लाटा अजून जरा मोठ्या असतात, तेव्हा उपयोगी पडतील. मधली फिन साडेनऊ इंचांची, बुंध्याशी रुंद आणि बऱ्यापैकी उभी असू द्या. पुढे चालत जाताना मागचा भाग जागेवर राहणं तिच्यावर अवलंबून असतं.

लांबी ९ फूट २ इंच पुरे. तुमच्या वजनाला ९ फूट १० इंच म्हणजे वळवताना ओढाताण, आणि पिशवीसकट दहा फुटांच्या वर सामान. रुंदी साडेबावीस इंच, जाडी पावणेतीन इंचांच्या किंचित वर. एवढ्यात साधारण ६५ लिटर आकारमान मिळतं, ते ६२ किलोला भरपूर झालं. नोज, म्हणजे पुढचं टोक, आणि टेल यांची रुंदी टोकापासून बारा इंचांवर मोजतात. नोज पावणेअठरा आणि टेल साडेचौदा इंच लिहा, बाकीचा बाक शेपरला त्याच्या नजरेने काढू द्या.

पुढे जे लिहितोय त्यावर शेपरशी नीट बोला, कारण टोकापर्यंत चालत जाण्याचं तुमचं स्वप्न इथे ठरतं. तुम्ही पुढे जाऊन उभ्या राहता तेव्हा सगळं वजन एका टोकाला जातं, तरी बोर्ड नाकावर बुडत नाही. का? कारण मागचा भाग लाटेत रुतलेला असतो. लाटेचं पाणी बाजूच्या कडेवरून वर चढतं, टेलवरून वाहतं आणि तिला खाली दाबून धरतं. हे व्हायला तीन गोष्टी लागतात. कड, म्हणजे रेल, गोल आणि मऊ हवी, म्हणजे पाणी तिला धरून वर वळतं. धारदार कडेवरून ते सुटून जातं. टेलला जरा वर उचललेला बाक हवा. आणि टेल रुंद हवी, म्हणजे पाण्याला दाबायला जागा मिळते. तुम्ही लिहिलेली पिन टेल निमुळती असते. उंच, वेगाच्या लाटेत ती पकड देते, पण गोव्याच्या हिवाळी लाटेत ती नुसतीच बुडेल आणि वेग खाईल. चौकोनी टेल मागा.

नोजच्या पोटाखाली उथळ खोलगट भाग ठेवतात. पाणी त्यात अडून वर रेटा देतं. तो खोल नको. खोल असला की भरभर सरकायच्या ऐवजी बोर्ड पाणी ढकलत बसतो. अडीच-तीन फुटांत तो विरून सपाट झाला पाहिजे, आणि शेवटच्या टप्प्यात पोटाला अगदी हलका व्ही, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही कडांकडे किंचित उतार. नोजचा बाक कमी ठेवा, मऊ लाटेत सपाट बोर्डच लवकर सुटतो.

रेलबद्दल एक करा. आपल्याला आवडलेला भाड्याचा बोर्ड जमिनीवर आडवा धरून, डोळे मिटून, नोजपासून टेलपर्यंत कडेवर तळवा फिरवा. पुढे आणि मध्ये कड तळव्यात गोल भरते, वरचा आणि खालचा बाक सारखाच लागतो. टेलपाशी शेवटच्या फूटभरात खालची कड बोटाला किंचित टोचायला लागते. ते टोचणं कुठे सुरू होतं ते टेपने मोजा आणि शेपरला कळवा. सर्वत्र गोल कड ठेवली तर बोर्ड वळताना चिकटतो, म्हणून शेवटी थोडी धार लागतेच. पण तुम्हाला ती टेलच्या आधी नको. हा मोजलेला आकडा कोणत्याही फोटोपेक्षा शेपरला जास्त सांगून जाईल.

फायबरच्या कामावर पैसे खर्च करा, इथे काटकसर नको. वर सहा औंसच्या कापडाचे दोन थर, खाली एक, आणि पाय पडतात तिथे व फिन बॉक्सभोवती जादा तुकडा. तयार बोर्ड सात किलोच्या आसपास भरेल. त्याहून हलका करून देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. हलका बोर्ड पार्सलमध्ये टिकत नाही. कार्बनची पट्टी काढून टाका. तुमच्या लाटेत तिचा फायदा नाही आणि काळा कार्बन उन्हात चटका बसेल इतका तापतो. स्ट्रिंगरही एकच ठेवा. तीन लाकडी पट्ट्या दिसतात छान, पण वजन आणि ताठपणा दोन्ही वाढतं, आणि ६२ किलोच्या माणसाला एवढा ताठ बोर्ड कशाला?

गडद निळ्याचा मोह मी समजू शकतो, पण तो सोडा. कोणी म्हणेल, वरून पांढरा करा आणि खालून निळा. पण पाय घसरू नये म्हणून वरच्या बाजूला लावलेलं वॅक्स वितळू नये यासाठी वाळूवर बोर्ड नेहमी पोट वर करूनच ठेवतात, म्हणजे ऊन पडतं ते पोटावरच. दोन्ही बाजू पांढऱ्या किंवा दुधी ठेवा आणि रंग कडेच्या अरुंद पट्ट्यात घ्या. केळीच्या कोवळ्या पानाचा फिका पोपटी तिथे फार शोभेल, आणि रावेर-यावलच्या बाजूची खूणही होईल.

आता तुमचा दरवाजा. अख्खा बोर्ड सागाचा करायचं मनातून काढून टाका. साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, म्हणजे ६५ लिटरचा भरीव बोर्ड ४२ किलोचा होईल. एके काळी बोर्ड लाकडाचेच होते, पण लाकूड निवडून घेत. बाल्सा सागाच्या जेमतेम पाव वजनाचं असतं. हवाईतल्या सरदारांच्या 'ओलो' नावाच्या लांबलचक फळ्या विलीविलीच्या हलक्या लाकडाच्या असत. विलीविली आणि आपल्या शेताच्या बांधावरचा पांगारा ही दोन्ही एरिथ्रिना वंशातली झाडं आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी लाल फुलांनी पेटलेला पांगारा पाहिला की मला हे नेहमी आठवतं, आणि कोणीतरी त्याची फळी करून बघावी असं खूप वाटतं. पण तो वेगळा प्रयोग आहे. पांगाऱ्याचं लाकूड नीट सुकवलं नाही तर लवकर कुजतं, आणि झाड बांधावरचं, मालकाच्या संमतीनं घेतलेलं हवं.

पण तुमच्या सागाला बोर्डात एक खरीखुरी जागा आहे. शेपरला टेल ब्लॉक लावायला सांगा. चौकोनी टेलचे दोन कोपरे बोर्डाचा सगळ्यात नाजूक भाग असतात, उभा करताना तेच आपटतात. तिथे लाकडाचा ठोकळा बसवला की कोपरे वाचतात. टेलच्या टोकाच्या रुंदीपेक्षा जरा लांब, दोन इंच रुंद आणि बोर्डाएवढा जाड तुकडा पुरतो. जुन्या दरवाज्याचं लाकूड कित्येक उन्हाळे पाहिलेलं असतं, त्यामुळे ते आता वाकायचं नाही. खिळे काढून, बिजागरीजवळचा भाग टाळून, चौकटीच्या उभ्या पट्टीतून कापून घ्या. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसायचा, हे शेपरला आठवणीने सांगा. नाहीतर जोड सुटतो. त्या तुकड्यावर तुमच्या घरातल्या माणसांचे हात फिरलेले आहेत, आणि तुमच्या बोर्डात मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडेल.

प्रवासाचं लवकर सांगतो. बर्थ सहा फुटांचा असतो, तेव्हा डब्यात नेण्याचा विचार नको. पार्सल ऑफिसात तुमची ओळख असेलच. जाड फोमची पिशवी घ्या, कडांना एसीच्या पाइपावर चढवतात ती काळी फोमची नळी चिरून लावा, नोज आणि टेलला दुहेरी गुंडाळा. विमानाने न्यायचं असेल तर लांबीची मर्यादा तिकिटाआधी विचारा, छोट्या विमानांची सामानाची दारंही छोटीच असतात.

आणि आईंना सांगा, फळी घरात राहील, पण कुठेही नाही. गच्ची नको, पत्र्याची खोली नको, खिडकीसमोर नको. रेल्वेच्या जुन्या क्वार्टरमध्ये राहत असाल तर जाड भिंतींची आतली खोली सगळ्यात चांगली. तिथे दाराच्या वर दोन लाकडी हात ठोकून, त्यांना जुनी सतरंजी गुंडाळून बोर्ड आडवा ठेवा. कूलरच्या ओल्या हवेने त्याला काही होत नाही. त्याहून बरं म्हणजे मार्च ते सप्टेंबर बोर्ड किनाऱ्यावरच्या सर्फ स्कूलमध्येच ठेवता येईल का ते विचारा, थोडं भाडं गेलं तरी चालेल. घरी असला तर उन्हाळ्यात अधूनमधून बोटाच्या पेराने त्याच्यावर टकटक करा, बाजारात मडकं वाजवून घेतो तसं. सगळीकडे आवाज भरीव आला तर ठीक. कुठे पोकळ वाजला, किंवा अंगठ्याने दाबल्यावर कवच खाली गेलं, तर तिथे थर सुटलाय. पेन्सिलने खूण करा आणि काकांकडे न्या. तडा गेलेला बोर्ड आधी पूर्ण सुकू द्या, ओल्या फोमवर रेझिन धरत नाही.

परतीच्या गाडीत टाकण्याआधी वॅक्स पूर्ण खरवडून काढा. उष्ण पाण्यासाठीचं सगळ्यात कडक वॅक्ससुद्धा खानदेशच्या मे महिन्यात टिकत नाही. ते वितळून पिशवीच्या अस्तरात मुरतं आणि मग पिशवी कितीही धुतली तरी निघत नाही.